जावयाच्या वाणात लॉरीचा आख

माझं लग्न ठरवताना मध्यस्थानं वडलांना सांगितलं, "पोऱ्याकडे मोटार शे." मोटार होती, त्यात खोटं काही नव्हतं. ती चालते का, हे मात्र आमच्याकडच्या कुणी विचारलं नाही. माझे वडील, म्हणजे आबा, बैलांचे व्यापारी. बैल घ्यायचा तर ते त्याला चालवून, वळवून, बसवून, उठवून बघत, शेपटी पिरगाळून बघत. जावयाच्या मोटारीला मात्र त्यांनी लांबूनच हात जोडले आणि सुपारी फोडली.

ही पश्चिम खानदेशातली गोष्ट, दुसरं महायुद्ध लागायच्या आधीची. सासर नंदुरबारला, माहेर शहाद्याच्या पलीकडे, आणि मध्ये तापी. आमचे हे त्या मोटारीतून नंदुरबार ते शहादा उतारू नेत. म्हणजे न्यायला सुरुवात तरी करत.

मोटार जुनी, कापडी टपाची टूरिंग होती. तिचं मूळचं इंजिन दमेकरी. चढ आला की उतारूंनी खाली उतरून तिच्याबरोबर चालायचं, असा रिवाज पडला होता. मग सुरतेकडच्या एका शेठची भलीमोठी गाडी चिंचेच्या झाडावर आदळून निकामी झाली, तेव्हा यांनी तिचं इंजिन आणलं आणि मिस्तरीकडून आमच्या गाडीत बसवून घेतलं. हा मिस्तरी पूर्वी टांगे बांधायचा. बापजाद्यांपासून नंदुरबारचा, आणि बढाईत गावात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. जुन्या इंजिनात जेवढे घोडे होते तेवढे या नव्याच्या नुसत्या खोकण्यात आहेत, असं तो बाजारात सांगत फिरायचा.

ते खरं असावं. कारण त्यानंतर गाडी अशी सुटायला लागली की उतारूंच्या टोप्या गोळा करायला परत मागे जावं लागे. आमचे हे तर स्वर्गातच होते. पण घोडे वाढले आणि मागचा आख तोच राहिला. आख म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा कणा. बैलगाडीत तो नुसता लोखंडी दांडा असतो. मोटारीत तो पोकळ असतो, मध्ये भोपळ्यासारखा फुगलेला, त्या फुगीर पोटात दातेरी चाकं आणि दोन्ही बाजूंना चाकं फिरवणारे दांडे. नव्या इंजिनानं जोर लावला की आतला दांडा काटकन मोडायचा. इंजिन गर्जत राहायचं आणि गाडी जागची हलायची नाही.

एकदा ती कापसाच्या जिनासमोर मोडली, एकदा ऐन बाजारात, आणि एकदा तर नवरदेव घेऊन जाताना. नवरदेव बाशिंगासकट बैलगाडीत बसून लग्नाला गेला. त्याच्या मामानं यांना जे शब्द ऐकवले ते मी लिहिणार नाही, पण आम्ही सगळ्या जावा ते पाठ करून महिनाभर एकमेकींना म्हणून दाखवत होतो.

दर वेळी आख मोडला की आमच्या सासूबाई मारुतीला जाऊन गूळ वाटायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी, आणि मोटारीत त्या कधीही बसलेल्या नव्हत्या. मोटार त्यांना डोळ्यांसमोर नको आहे, अशी माझी खात्री होती. मीही मुकाट्यानं तो गूळ खात असे. गूळ चांगला असायचा.

नवरदेवाच्या प्रकरणानंतर मामंजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, संयम संपला. त्यांची कापसाची आडत होती. चारी मुलांनी आडतीच्या गादीवर बसावं एवढीच त्यांची इच्छा, आणि तिघं बसले होते. चौथ्याला त्यांनी ओसरीवर उभं केलं आणि आम्ही बायका दाराआड उभ्या राहून ऐकत होतो.

"तू घोडा मोजी लिन्हात," ते म्हणाले, "पन गाडीना कना मोजा का? आते आयक. आखाजीले मी आनि तुन्ही माय गाडीमा बससूत. वाटमा एक मानूसले बी उतरनं पडनं, ढकलनं पडनं, तं दुसरा दिन मोटार भंगारमा आनि तू गादीवर. नीट पोची तं शहादाले बिऱ्हाड कर, तठेच धंदा कर, मी आडवा येवाव नही."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्या खानदेशातला लेकींचा सण. पण माझ्या कानात आखाजी शिरलीच नाही. 'शहादाले बिऱ्हाड' एवढेच दोन शब्द शिरले आणि तिथेच बसून राहिले.

का ते सांगते. त्या घरात आम्ही चार सुना होतो आणि चूल एक होती. धाकटी म्हणून फुंकणी माझ्या हातात, धूर माझ्या डोळ्यांत आणि भाकरी माझ्या वाट्याला शेवटची, तीही बहुधा करपलेली, कारण तोवर मी रडकुंडीला आलेली असायची. भाजीत तिखट किती हे थोरली ठरवणार, मीठ किती हे मधली, आणि कमी पडलं तर बोलणी मला. मला माझी स्वतःची चूल हवी होती. एवढीशी. तिच्यावर मी काय शिजवीन, किती तिखट घालीन, हे कुणाला विचारायला लागू नये. लोक नवसाला मुलगा मागतात, मी चूल मागत होते. नवरा वेगासाठी जीव टाकत होता आणि मी चुलीसाठी, आणि आम्हा दोघांचंही घोडं त्या मागच्या आखावर अडलं होतं.

त्या वर्षी धोंड्याचा महिना आखाजीच्या अगोदर आला. अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं, म्हणून आबा नंदुरबारला आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "जवाईले काय देऊ? आंगठी करी टाकू का?"

"आंगठी नका देऊ आबा," मी म्हटलं. "आख द्या."

आबांना वाटलं मला ऊन लागलंय. मी सगळं सांगितलं, मामंजींची अट सांगितली, बिऱ्हाडाचं सांगितलं, चुलीचं सांगताना आवाज जरा जास्तच कापरा काढला. आबा मिशीतल्या मिशीत हसले. जो ओढतो तो बैल, आणि बैलातलं आपल्याला कळतं, असा त्यांचा जन्मभराचा विश्वास. "मोठा बैल जुपा तं आख जाड लागस," ते म्हणाले. "हाई तं बारका पोऱ्या बी सांगी. तुन्हा सासरना लोके इतला शिकेल, आनि त्यासले हाई समजनं नही?"

वाण घ्यायला खुद्द जावयाला कसं न्यायचं? ते शोभत नाही. त्यामुळे मोटारीतलं ज्याला खरोखर काही कळत होतं तो एकटा माणूस घरी राहिला, आणि नवापूरला कोण गेलं, तर आबा, मिस्तरी आणि मी. मी सासरी सांगितलं की नवापूरच्या मावशीला भेटून येते. मावशीला मी खरंच भेटले, उभ्या उभ्या. निघताना यांनी मिस्तरीला चार वेळा बजावलं होतं, "जाड पाहिजे, पन टूरिंगनाच. लॉरीना आनू नको." मिस्तरीनं चारही वेळा मान डोलावली. मान डोलावणं हे त्याचं अर्धं कसब होतं.

नवापूरला स्टेशनाजवळ सागाच्या लाकडांची वखार होती. डांगच्या जंगलातून लाकूड ओढून ओढून मेलेल्या लॉऱ्या तिच्या मागे पडलेल्या, आणि त्यांचे हातपाय वेगळे करून विकणारा एक गुजराती व्यापारी तिथे खाटेवर बसलेला. त्यानं पालापाचोळा बाजूला सारून तीन आख दाखवले. पहिला टूरिंगचा, आमच्यापेक्षा थोडा जाड. दुसरा कसल्याशा मोठ्या मोटारीचा, बऱ्यापैकी. तिसरा लाकडाच्या लॉरीचा. तो बघून मिस्तरीच्या तोंडून नुसतं "वाह" निघालं. बिचाऱ्याचंही खरं होतं. दर वेळी दांडा मोडला की लोक त्याच्याच नावानं खडे फोडत, त्यामुळे न मोडणारं काहीही त्याला सुंदर दिसायला लागलं होतं.

आबांनी धोतराचा सोगा खोचला आणि पहिल्या आखापुढे उकिडवे बसले. "तोंड उघड," ते म्हणाले.

व्यापारी माझ्याकडे बघायला लागला. मी मिस्तरीकडे बघितलं. मिस्तरीनं पाना लावून भोपळ्याचं झाकण काढलं. आत दोन दातेरी चाकं होती, एक ताटाएवढं आणि एक वाटीएवढं, एकमेकांत दात रोवून बसलेली. आबांनी त्या काळ्या वंगणात कोपरापर्यंत हात घातला आणि मोठ्या चाकाचे दात मोजायला सुरुवात केली. बैलाचं वय दातांवरून ठरतं. दोन दात आले तो पोरगा, चार आले तो शिकाऊ, सगळे आले तो जुळलेला, नांगराला लावायला मोकळा. आबांनी आयुष्यभर दात मोजले होते. समोर दात दिसले की न मोजणं त्यांना जमलंच नसतं.

"हाऊ आजून गोऱ्हा शे," ते पहिल्याबद्दल म्हणाले. दुसऱ्याला जरा भाव दिला, "हाऊ चालस, पन घाटमा बसी जाई." तिसऱ्या आखाचं झाकण निघालं तसे त्यांचे डोळे चमकले. मोठ्या चाकाला दातच दात, आणि धाकट्याला जेमतेम मूठभर. "हाऊ पुरा जुळेल शे. धाकला वासरूगत शे, पन त्याले काय करनं? ओढाले माय शे."

मिस्तरीनं दांड्याभोवती मूठ वळवली. ती पुरली नाही. "आबा, ये टूटा तो मैं मूँछ उतार दूँगा," तो म्हणाला. मोठी बढाई मारायची तर तो ती हिंदीतच मारायचा. टूरिंगचं काय ठरलं होतं हे तो विसरला, की विसरल्यासारखं त्यानं केलं, देव जाणे. मी स्वतः त्या आखावर चढून बसले आणि दोन उड्या मारून पाहिल्या. तो ढिम्म हलला नाही. मला तर त्या क्षणी तो दागिन्यापेक्षा देखणा वाटला.

भाव ठरवायला आबांनी खांद्यावरचा रुमाल काढला, व्यापाऱ्याचा हात त्याखाली धरला आणि बैलबाजाराच्या रीतीनं बोटं दाबायला लागले. रुमालाखाली कोणतं बोट म्हणजे किती, हे आमच्या बाजारातल्या कुठल्याही दलालाला कळतं. त्या लोखंडवाल्याला ते कुठून कळणार? तो घाबरून म्हणाला, "हाथ छोडो ने, मोढे बोलो," म्हणजे तोंडानं सांगा. आबांनी काही हात सोडला नाही. एवढ्या मोठ्या बाप्याचा हात एवढा वेळ धरून ठेवल्यावर कुणीही जरा खाली येतोच, आणि तोही आला.

ते धूड मालडब्यातून नंदुरबारला आलं. अधिकाचं वाण जाळीदार हवं असतं, म्हणून अनारसे, बत्तासे देतात. आखाला नटबोल्टांची भोकं भरपूर होती, तेव्हा तीही अडचण उरली नाही. ओसरीवर दोन पाट मांडले, त्यांवर आख आडवा ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं, शेजारी अनारशांचं ताट आणि दिवा. आमचे हे नवा सदरा घालून समोरच्या पाटावर येऊन बसले, आणि त्यांची नजर त्या भोपळ्यावर गेली.

मी दाराआडून बघत होते. त्यांचा चेहरा आधी उजळला, मग बारीक झाला, मग पार उतरला. एका दृष्टिक्षेपात त्यांनी ओळखलं की हा लॉरीचा आहे. पण वाणाला नाव ठेवायचं नसतं. सासऱ्यानं हातात दिलं की जावयानं कपाळाला लावायचं. ते कपाळाला लावण्यासारखं नव्हतं म्हणून त्यांनी वाकून स्वतःचंच कपाळ त्याला लावलं आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "चांगला शे." आबा खूष झाले आणि त्यांनी दोन अनारसे जास्त खाल्ले.

आख बसवल्यावर कळलं की तो गाडीपेक्षा दोन्ही बाजूंनी वीतभर रुंद आहे. मिस्तरीनं मागचे मडगार्ड कापले. गाडी पुढून मोटार दिसायची आणि मागून लॉरी. पण खरी गंमत ती चालवल्यावर झाली. धाकट्या चाकाचे दात जितके कमी आणि मोठ्याचे जितके जास्त, तितकं इंजिन मरमर फिरतं आणि चाक निवांत वळतं, हे आबांना, मला आणि बहुधा मिस्तरीलाही ठाऊक नव्हतं. इंजिनातले सगळे घोडे एकदम खिंकाळत होते, सगळं गाव दारात येऊन उभं राहिलं होतं, आणि गाडी लग्नाच्या वरातीसारखी चालली होती.

त्या संध्याकाळी हे माझ्याशी बोलेनात. मी ताट वाढलं तेव्हा मान खाली घालूनच म्हणाले, "तुन्हा बापनी मन्ही मोटारना बैल करी टाका."

माझ्या वडलांचं नाव काढलेलं मला तेव्हाही खपत नसे, आताही खपत नाही. "बैल वाटमा मोडस का?" मी विचारलं. "तुमना घोडा तं नवरदेवले बी पोचाडू शकनात नही." त्यांनी पाणी पिऊन टाकलं आणि उठले. आख काढून दुसरा बसवायला आता वेळ नव्हता, आणि वाण काढून फेकलं असं शहाद्यापर्यंत कळलं असतं तर आबांनी मला परत माहेरी न्यायला कमी केलं नसतं. मी बाहेरून अशी फणफणत होते, पण आतून घाबरले होते. चूल जवळ येत होती की लांब जात होती, काही उमगत नव्हतं.

आखाजीच्या दिवशी निघालो. पुढे मामंजी छत्री घेऊन यांच्या शेजारी, मागे आत्याबाई आणि मी, आणि पायफळीवर पाने, हातोडे घेऊन मिस्तरी, मिशीला तूप लावून. आत्याबाईंनी बसल्या बसल्या डोळे गच्च मिटले आणि माझं मनगट धरलं. बांगड्या रुतत होत्या, पण बोलायची सोय नव्हती.

वेस ओलांडली, पहिला ओढा गेला, आणि आत्याबाईंनी एक डोळा उघडला. वारा नाही, धक्का नाही, टोपी उडत नाही. त्यांनी दुसराही उघडला.

रस्ता कसला, बैलगाड्यांच्या चाकोऱ्याच त्या. काळ्या मातीत वर्षानुवर्षं चाकं जाऊन पडलेल्या दोन खोल घळी. पुढची चाकं त्यांत नीट बसायची. मागची रुंद, ती बसेनात. एक चाक चाकोरीत तर दुसरं बांधावर, त्यामुळे आम्ही सगळे एका अंगाला कललेलो. मामंजींच्या बाजूला उतार आला की ते दाराला चिकटत आणि आमच्या बाजूला आला की आत्याबाई माझ्या मांडीवर येत. दुधाच्या चरव्या लावलेला एक सायकलवाला मागून आला, आमच्या बरोबरीनं थोडा वेळ चालला, मामंजींना "रामराम" घातला, कापसाच्या भावाची चौकशी केली आणि पुढे निघून गेला. यांचे कान मागून लाल दिसत होते. मामंजींना आयुष्यात इतकी मजा कधी आली नसेल. "हाई मोटार का दमनी?" ते दर थोड्या वेळानं विचारत. दमनी म्हणजे माणसं न्यायची हलकी बैलगाडी.

आत्याबाई मात्र बघत होत्या. माहेरी निघालेल्या पोरींच्या गाड्या, लिंबाला बांधलेले झोके, झोक्यावरून गाणी म्हणणाऱ्या बाया. "हाई कोनतं गाव वं?" त्या मला विचारत. मी सांगे. पुढचं आलं की पुन्हा विचारत. याच वाटेनं त्या लग्न होऊन नंदुरबारला आल्या होत्या, पण तेव्हा गाडीला चारी बाजूंनी पडदा होता. आणि आता माहेरात कुणी उरलं नव्हतं, म्हणून न्यायलाही कुणी येत नव्हतं. हे त्यांनी मला अगदी सहज सांगितलं, भाजी निवडताना सांगावं तसं. मी त्यांना थोडी जागा करून दिली.

प्रकाशा गावाशी तापी आली. पलीकडे देवळांची शिखरं, अलीकडे वाळू, आणि वाळूवर गाड्यांसाठी अंथरलेल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की सगळे इथूनच पार होत. वाळूत एक चकचकीत मोटार रुतली होती. तिची मागची चाकं जागच्या जागी फिरत होती आणि आठ-दहा माणसं तिला ढकलत होती. ती बघताच मामंजींनी छत्री मिटली, जोडे काढून हातात घेतले आणि धोतर वर केलं. "चाला," ते आनंदानं म्हणाले. "आते उतरनंच पडी."

यांनी पहिला गिअर टाकला. इंजिन ओरडायला लागलं, मिस्तरी त्याहून मोठ्यानं ओरडायला लागला, आणि गाडी वाळूत शिरली. मागची चाकं अर्धी बुडाली. गाडी थांबल्यासारखी झाली. मामंजींनी दार उघडून एक पाय खाली सोडला. तो पाय वाळूला लागला असता तर संपलंच होतं. अट त्यांची, पाय त्यांचा, आणि निकालही त्यांचाच.

तेवढ्यात माझ्या शेजारून एक हात पुढे गेला आणि त्यानं मामंजींच्या कोटाची कॉलर मागून धरली. आत्याबाईंचा हात. "बसा गुमान," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. पण लग्न झाल्यापासून त्या नवऱ्याला पहिल्यांदाच काही फर्मावत असाव्यात, कारण मामंजी इतके चकित झाले की बसलेच.

आणि गाडी थांबलेली नव्हती. ती चालली होती, गाळातून म्हैस निघते तशी, सावकाश, कुणाची पर्वा न करता. आतला दांडा मोडला नाही. दातांनी दात धरले ते सोडले नाहीत. रुतलेल्या मोटारीतला शेठ आमच्याकडे तोंड उघडं टाकून बघत राहिला. यांनी भोंगा वाजवला, गरज नसताना, दोनदा. पाण्यातून पार झालो, पलीकडच्या दरडीवर चढलो, तेव्हा मी रडत होते आणि मिस्तरी मिशीला पीळ देत होता.

मामंजी शब्दाचे पक्के. शहाद्याला पोहोचल्यावर जोडे पायात घालून त्यांनी एवढंच म्हटलं, "कर बिऱ्हाड." मोटारी थांबत त्या जागेच्या मागे यांनी दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. आम्ही सगळे त्या बघायला गेलो. रिकाम्या, शेणानं सारवलेल्या, एक खिडकी असलेल्या खोल्या. खिडकीखाली चूल मांडायची, म्हणजे धूर बाहेर जाईल, हे मी आत पाऊल टाकताक्षणी ठरवलं. मी इतकी सुखात होते की मला मामंजींच्याही पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडले.

ऊन उतरायला लागलं तसे मामंजी बाहेरून हाका मारायला लागले. नंदुरबारकडे जाणारी एक दमणी त्यांनी गाठली होती. आमच्या गाडीत पुन्हा बसायची त्यांची तयारी नव्हती. आत्याबाई आतून बाहेर आल्या नाहीत. मामंजी दारात आले. "चाल," ते म्हणाले.

"तुम्ही जा," आत्याबाई म्हणाल्या. "मी आठेच ऱ्हासू."

"आनि घर भाकरी कोन करी?"

"तीन सुना शेतस."

मामंजींनी यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे, आणि मी जमिनीकडे. मी इथे खोटं लिहिणार नाही. मला संताप आला. जिच्यापासून लांब यायला मी एवढा खटाटोप केला, नवापूरला खोटं बोलून गेले, वंगणात बुडालेल्या लोखंडावर बसले, ती माझ्या नव्या घराच्या मधोमध पदर खोचून उभी होती. आणि ती इथवर आली कशी? आबांनी निवडलेला तो आख होता म्हणून. गाडी पूर्वीसारखी पळाली असती तर तिनं वेशीपासून तापीपर्यंत डोळेच उघडले नसते.

दमणी गेली. मामंजी मागे वळून न बघता निघाले, वळणावर मात्र त्यांनी बघितलं.

मी खोलीत आले आणि फटकन विचारलं, "आख मोडे तव्हय तुम्ही गूळ कसाले वाटेत?"

"आख मोडे का तो चार दिन घर ऱ्हाये," आत्याबाई म्हणाल्या. "त्या घरमा मन्हासंगे बोलनारा तो एकच शे. म्हनीसन वाटू."

मग त्या अंगणात गेल्या आणि तीन दगड उचलून आणले. आधी एका कोपऱ्यात ठेवले, लांब जाऊन बघितलं, उचलले, दुसऱ्या कोपऱ्यात ठेवले. पुन्हा उचलले. डोईवरचा पदर खाली आला होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. "मन्ही सासूनी मांडेल चुलीवर मन्हा जल्म गया वं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "कोठे मांडू?"

खिडकीखालची जागा माझ्या ओठांवर होती.

"तुम्हले जठे वाटस तठे मांडा," मी म्हटलं.

त्यांनी ती दाराजवळ मांडली. तिथून रस्ता दिसतो, गाड्या दिसतात, असं म्हणाल्या. धूर सगळा आत येणार हे मला स्वच्छ दिसत होतं. मी घमेलं घेतलं आणि चूल लिंपायला माती आणायला गेले.